फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होत नाही तेव्हा: रिले आणि ओव्हरलोड घरी कसे तपासावेत, कसे बदलावेत

(घरातल्या यंत्रांवरच्या व्याख्यानांपैकी हे एक. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय छोटा आहे, पण एप्रिल-मे महिन्यात तो हमखास निघतो. फ्रीज थंड करत नाही. दार उघडलं की दिवा लागतो, म्हणजे वीज आहे. पण दूध नासलंय, बर्फ वितळून खाली पाणी आलंय. आपण मेकॅनिकला बोलावतो. तो फ्रीजच्या मागे कान लावतो, हात लावून बघतो आणि म्हणतो, "कॉम्प्रेसर गेला." कॉम्प्रेसर म्हणजे काही हजारांचा खर्च. फ्रीज दहा-बारा वर्षांचा असेल तर लगेच घरात चर्चा सुरू होते की त्यापेक्षा नवाच घेऊन टाकू.

आता, कॉम्प्रेसर खरोखरच गेलेला असू शकतो. पण अगदी हीच लक्षणं दाखवणारा दुसरा एक भाग कॉम्प्रेसरच्या कुशीला बसवलेला असतो. काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा. त्याला आपल्याकडे सगळे रिले म्हणतात. त्याच्या शेजारी एक काळी गोल डबी असते, ती ओव्हरलोड. हे दोन भाग बदलणं म्हणजे पाच-दहा मिनिटांचं काम. तोच भाग बिघडलाय हे ठरवणं, हे खरं काम. आणि कुठे थांबायचं हे कळणं, ते त्याहून महत्त्वाचं. आज याच क्रमाने जाऊ.

एक खुलासा आधीच करतो. मी बोलतोय ते साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजबद्दल, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक जुन्या एका दाराच्या फ्रीजबद्दल. दारावर "इन्व्हर्टर" असं स्टिकर असेल तर त्याची गोष्ट वेगळी आहे. ती शेवटी सांगतो.

कॉम्प्रेसरला धक्का का लागतो?

कॉम्प्रेसर म्हणजे ती काळी, सीलबंद लोखंडी हंडी. तिच्या आत एक मोटर आणि एक पंप असतो. आपल्या घरात येते ती सिंगल फेज वीज, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. या विजेवर साध्या गुंडाळीची मोटर फिरत राहू शकते, पण थांबलेली असेल तर आपली आपण फिरायला लागत नाही.

हे समजायला जात्याचं उदाहरण घ्या. जात्याचा खुंटा बरोबर तुमच्या समोर, सरळ रेषेत आलाय. आता तुम्ही त्याला कितीही सरळ पुढे-मागे रेटा, जातं फिरत नाही. बाजूने एक झटका द्यावा लागतो. एकदा ते फिरायला लागलं की मग पुढे-मागे ओढूनही फिरत राहतं. मोटरचं तसंच आहे. मुख्य गुंडाळी तिला पुढे-मागे ओढत असते. बाजूचा झटका द्यायला दुसरी एक गुंडाळी असते, तिला स्टार्टिंग वाइंडिंग म्हणतात. ही बारीक तारेची असते. तिचं काम जेमतेम एखाद्या सेकंदाचं. झटका देऊन झाला की तिने बाजूला व्हायचं. ती तशीच चालू राहिली तर तापून जळेल.

तिला बाजूला कोण करतं? रिले. जुन्या फ्रीजमध्ये चुंबकावर चालणारा रिले असायचा. त्याच्यात खरोखरचे संपर्कबिंदू असायचे, ते जुळायचे आणि सुटायचे. आता बहुतेक ठिकाणी असतो तो पीटीसी रिले. त्याच्या आत नाण्याच्या आकाराची एक सिरॅमिकची चकती असते. थंड असताना ही चकती वीज सहज जाऊ देते. वीज गेली की ती क्षणात तापते, आणि साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की तिचा रोध हजारो पटींनी वाढतो. म्हणजे स्टार्टिंग वाइंडिंगची वीज जवळजवळ बंदच झाली. काही हललं नाही, ठिणगी पडली नाही, काम झालं. फार सुंदर युक्ती आहे.

पण या युक्तीचा एक परिणाम लक्षात ठेवा. कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत ही चकती गरमच असते. तो बंद झाल्यावर तिला गार व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. समजा लाइट गेली आणि दहा सेकंदांत परत आली. चकती अजून गरम आहे, म्हणजे झटका देणारी गुंडाळी मिळत नाही. शिवाय गॅसचा दाबही अजून समान झालेला नाही. मोटर अडकते, गुरगुरते, कित्येक पट जास्त प्रवाह खेचते. तेव्हा ओव्हरलोड "टक" करून वीज तोडतो. थोड्या वेळाने सगळं सुरळीत चालू होतं. हा बिघाड नव्हे, बरं का. स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा विलंब ठेवलेला असतो तो याच कारणासाठी.

आणि ओव्हरलोड म्हणजे काय? दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी किंवा चकती. प्रवाह जास्त झाला किंवा कॉम्प्रेसरचं अंग फार तापलं की ती वाकते आणि वीज तोडते. गार झाली की परत जोडते. तो राखणदार आहे. "ओव्हरलोड टकटक करतोय, तोच खराब आहे" असं लगेच म्हणू नका. बहुतेक वेळा तो ओरडून सांगत असतो की चोर दुसरीकडे आहे.

आधी ऐका

मल्टिमीटर हातात घ्यायच्या आधी फ्रीजच्या मागे दहा-पंधरा मिनिटं कान देऊन बसा. नुसत्या आवाजावरून निम्मं निदान होतं.

पहिला प्रकार: दिवाही लागत नाही. मग फ्रीजच्या आत काही शोधू नका. आधी सॉकेट, प्लग, वायर बघा. त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा.

दुसरा प्रकार: दिवा लागतो, पण कॉम्प्रेसरकडून काहीच नाही. गुरगुर नाही, टक नाही. मग संशय थर्मोस्टॅटवर, वायरीवर किंवा कायमच्या उघड्या पडलेल्या ओव्हरलोडवर. थर्मोस्टॅटचा खटका शून्यावर तर नाही ना, बर्फ वितळवायचं मधलं बटण दाबलेलं राहिलं नाही ना, हे आधी बघा. पोरं दाबून जातात.

तिसरा प्रकार: काही सेकंद गुरगुर, मग टक, मग शांतता. दोन-चार मिनिटांनी परत तेच. हा आपला आजचा रुग्ण. इथे चार संशयित: रिले, ओव्हरलोड, कमी व्होल्टेज, आणि आतून अडकलेला कॉम्प्रेसर.

चौथा प्रकार: कॉम्प्रेसर व्यवस्थित चालतोय, पण थंड होत नाही. हा विद्युत भाग बदलून सुटणारा प्रश्न बहुधा नसतो. गॅस, नळी चोंदणं, दाराचं रबर, फ्रॉस्ट फ्री असेल तर आतला पंखा किंवा हीटर, असं काहीही.

यातून एक नियम निघतो, तो लिहून ठेवा. कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल तर "गॅस संपलाय" हे कारण पटण्यासारखं नाही. गॅस गेलेला असला तरी मोटर फिरते, नुसतीच फिरत राहते. न फिरणाऱ्या मोटरवर कोणी गॅस भरायला सांगत असेल तर आधी "का?" असं विचारा.

हात लावण्याआधी

प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. आपल्याकडे कित्येक घरांत वायरिंग उलटं झालेलं असतं आणि बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. बटण बंद असतं, फ्रीज बंद असतो, पण आत फेज जिवंत असते. प्लग काढून तो फ्रीजच्या वर, नजरेसमोर ठेवा. म्हणजे घरातलं दुसरं कोणी येऊन सहज लावून टाकणार नाही.

अर्धा तास थांबा. कॉम्प्रेसर आणि रिले दोन्ही गार होऊ देत. तेवढ्यात फ्रीजचं दार सारखं उघडू नका. दार बंद ठेवलं तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. घरात कोणाचं इन्सुलिन असेल तर ते मात्र वेळेवर शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये हलवा. फ्रीझरमध्ये नको, खालच्या कप्प्यात.

लागणारी हत्यारं: स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बॅटरी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. फ्रीज ओढताना मागच्या जाळीला धरू नका, ती गॅसचीच नळी आहे.

कॉम्प्रेसरच्या बाजूला प्लॅस्टिकचं झाकण असतं, तारेच्या क्लिपने अडकवलेलं. ते काढायच्या आधी आणि काढल्यावर मोबाइलवर फोटो घ्या. कोणती वायर कुठे होती हे दहा मिनिटांनी आठवत नाही. झाकणाखाली कपॅसिटर दिसला, म्हणजे दोन वायरींचा छोटा डबा किंवा नळकांडं, तर त्याच्या टोकांना हात लावू नका. त्यात वीज साठून राहिलेली असू शकते. इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी मोठ्या रोधकातून तो रिकामा करता येत असेल तरच पुढे जा, नाहीतर जाणकाराला बोलवा.

आत झुरळं, पालीची घाण, उंदराने कुरतडलेली वायर दिसली तर दचकू नका. कॉम्प्रेसरची ऊब त्यांना आवडते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने टोकं हिरवी पडलेली दिसतील. जळकट वास, काळी पडलेली प्लॅस्टिकची कड, वितळलेली पिन यांची नोंद घ्या.

आता रिले सरळ बाहेर ओढा. सरळ म्हणजे सरळ. पिळायचा नाही, डावी-उजवीकडे हलवायचा नाही. ज्या तीन पिनांवर तो बसलाय त्या पिना कॉम्प्रेसरच्या अंगात काचेने बंद केलेल्या असतात. काच तडकली तर गॅस गळतो, आणि दोनशेचं काम हजारांवर जातं.

मोजमाप

पहिली परीक्षा हाताने. रिले कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर चकती फुटली आहे. निदान झालं. खुळखुळ्याला पुढच्या परीक्षेची गरज नाही.

वाजलं नाही तर मल्टिमीटर रोधावर, म्हणजे ओहमवर ठेवा. पीटीसीच्या ज्या दोन खाचांत स्टार्ट आणि रनच्या पिना बसतात त्यांच्यामध्ये मोजा. गार पीटीसीचा रोध काही ओहम ते काही दहा ओहम येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तो उघडा पडलाय. जवळजवळ शून्य दाखवत असेल तर आतून जुळून गेलाय, आणि हा जास्त घातक, कारण तो स्टार्टिंग वाइंडिंगला सोडणारच नाही. एकच खबरदारी: रिले गरम असताना मोजू नका. चांगला रिलेही गरम असताना खराब दिसतो.

ओव्हरलोडच्या दोन टोकांमध्ये गार असताना जवळपास शून्य यायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाची मोजणी, कॉम्प्रेसरची. तीन पिना आहेत: कॉमन, स्टार्ट, रन. जोड्या होतात तीन. तिन्ही मोजा. उदाहरण घेऊ. समजा आकडे आले १५, २० आणि ३५ ओहम. सगळ्यात मोठा, ३५, तो स्टार्ट आणि रन यांच्यातला. म्हणजे राहिलेली तिसरी पिन कॉमन. कॉमनपासून लहान आकडा, १५, तो रनकडे. मोठा, २०, तो स्टार्टकडे. आणि १५ अधिक २० बरोबर ३५. बेरीज जुळली की गुंडाळ्या सलग आहेत असं समजा. तुमच्या कॉम्प्रेसरचे आकडे वेगळे असतील, पण बेरीज जुळायला हवी. कुठल्या जोडीत अनंत आलं तर गुंडाळी तुटली आहे. तिथे रिले बदलून उपयोग नाही.

शेवटची मोजणी जीवाची आहे. मीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर ठेवा. एक टोक प्रत्येक पिनला, दुसरं कॉम्प्रेसरच्या उघड्या धातूला, रंग थोडा खरवडून. मीटरने काहीच दाखवता कामा नये. थोडाही आकडा आला तर वीज अंगात उतरते आहे. तो फ्रीज परत सॉकेटला लावायचा नाही. इथे थांबायचं.

नवा भाग आणताना

जुना रिले आणि ओव्हरलोड खिशात घालून दुकानात जा. कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा फोटो घ्या. "फ्रीजचा रिले द्या" एवढं पुरत नाही. पिनांची मांडणी, पीटीसीवरचा ओहमचा आकडा आणि ओव्हरलोडवरचा क्रमांक जुळायला हवा. ओव्हरलोड त्या कॉम्प्रेसरच्या प्रवाहाप्रमाणे ठरवलेला असतो. "मोठा लावा, टकटक बंद होईल" असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. ओव्हरलोड वगळून वायर थेट जोडणारेही भेटतात. फ्रीज त्या दिवशी चालतो. पण पुढे कधी मोटर अडकली तर वीज तोडायला कोणी नसतं. रात्री सगळे झोपलेले असताना चालणारं हे यंत्र आहे, हे विसरू नका.

जमलं तर दोन्ही भाग एकदमच बदला. फरक थोडक्या पैशांचा असतो.

बसवणं आणि पहिली पंधरा मिनिटं

टोकं कोरड्या फडक्याने पुसा. वायरीच्या चिमट्या सैल असतील तर पकडीने हलक्या दाबा. सैल चिमटी तापते, आणि नवा रिलेही तीच जाळते. फोटोप्रमाणे सगळं परत लावा, रिले सरळ दाबून बसवा. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर, म्हणजे अर्थिंग, होती तिथेच घट्ट लावा. झाकण बसवल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

प्लग लावला की एखाद्या सेकंदात कॉम्प्रेसरने पकड घेतली पाहिजे आणि आवाज एकसारखा झाला पाहिजे. पंधरा मिनिटं मागेच थांबा. टक आला नाही तर फ्रीज रिकामा असतानाच रात्रभर चालू द्या, सामान सकाळी भरा.

परत गुरगुर आणि टक आला तर? सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा. उन्हाळ्यात संध्याकाळी, सगळीकडे कूलर आणि पंप चालू असताना, ते २०० च्या बरंच खाली गेलेलं असू शकतं. तेव्हा औषध रिले नव्हे, स्टॅबिलायझर. व्होल्टेज ठीक, रिले नवा, बेरीज जुळलेली, तरीही मोटर अडकते, मग मात्र कॉम्प्रेसर आतून जाम झालाय. मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं. पण आता ते तुम्ही पडताळलेलं आहे, आणि काही हजार खर्च करायचे की नाही हे तुम्ही डोळे उघडे ठेवून ठरवणार आहात.

कुठे थांबायचं

गॅसच्या नळीला घरी हात लावायचा नाही. कॉम्प्रेसरवर आर ६०० ए असं लिहिलेलं असेल आणि ज्वाळेचं पिवळं चिन्ह असेल तर आतला गॅस आयसोब्युटेन आहे. पेट घेणारा. त्याचं प्रमाण थोडं असतं, पण बंद स्वयंपाकघरात थोडंही पुरतं. अशा फ्रीजला जुन्या पद्धतीचा, ठिणगी पाडणारा चुंबकी रिले बसवू नका. आणि काही कारागीर रिले काढून, पिनेला तार टेकवून कॉम्प्रेसर "डायरेक्ट" चालू करून दाखवतात. ते बघायला छान वाटतं. तुम्ही करायचं नाही. तिथे पिना उघड्या असतात आणि वीज चालू असते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: इन्व्हर्टर फ्रीजचं काय?

त्यात पीटीसी नसतो. एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड मोटर चालवतो. तिच्या तिन्ही जोड्यांचा रोध सारखाच येतो, त्यामुळे बेरजेचा नियम तिथे लावू नका. त्या बोर्डवर प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते. तो भाग घरी उघडायचा नाही.

प्रश्न: रबरी चप्पल घातली तर प्लग लावूनच काम केलं तर चालेल का?

नाही. एक हात फेजला आणि दुसरा फ्रीजच्या अंगाला लागला तर वीज छातीतून जाते, पायातल्या चपलेचा तिथे काही संबंध येत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जरूर बसवा, पण त्याच्या भरवशावर चालू यंत्रात हात घालू नका. सुरक्षितता प्लग काढण्यात आहे.

प्रश्न: फ्रीज वॉरंटीत असेल तर?

मग झाकणही उघडू नका, कंपनीला कळवा. फक्त कार्ड नीट वाचा. पूर्ण फ्रीजची मुदत वेगळी असते आणि कॉम्प्रेसरची वेगळी. रिले कशात धरलाय ते आधी विचारून घ्या, म्हणजे बिल आल्यावर वाद होत नाही.

प्रश्न: माझ्याकडे मल्टिमीटर नाही. मग हे सगळं कसं करायचं?

खुळखुळ ऐकता येते, आवाजाचा प्रकार ओळखता येतो, जळकी पिन दिसते. पण अंगात वीज उतरते का, हे मीटरशिवाय कळत नाही, आणि ती परीक्षा गाळून मी कोणालाही फ्रीज चालू करायला सांगणार नाही. साधा मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. पुण्यात बुधवार पेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि आता तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही. तो फ्रीजपुरता नाही, मिक्सर, इस्त्री, गीझर सगळ्यांना उपयोगी पडतो. तेवढं करायचं नसेल तर मेकॅनिकलाच बोलवा, काही बिघडत नाही. फक्त त्याच्याजवळ उभे राहा आणि म्हणा, "तिन्ही पिनांचे आकडे मला मोजून दाखवा." चांगला कारागीर आनंदाने दाखवेल.